सांभाळून घ्यायचं बटन

माझी बोटं गेली ती फक्त पेटीवर गेली. भाकरी थापते, स्कूटर चालवते, सरकारी कचेरीत दिवसभर टायपिंग करते, सगळीकडे उजवा हात शहाण्यासारखा वागतो. पेटीपुढे बसून सुरांवर हात ठेवला, की करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपसूक तळहातात वळून बसतात. ओढून सरळ केली तरी परत वळतात. डॉक्टर म्हणाले, हाताला काही झालेलं नाही, डोक्यात बोटांची सरमिसळ झालीय. वर्षानुवर्षं तेच तेच वाजवणाऱ्यांना होतं कधीकधी. मी विचारलं, बरं कधी होईल? ते म्हणाले, "विश्रांती घ्या, बघू." हे "बघू" मी स्वतः ऑफिसात रोज लोकांना ऐकवते, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नारायण पेठेत एका कथकच्या क्लासला मी लेहरा वाजवत होते. लेहरा म्हणजे सोळा मात्रांची एकच चाल, गोल गोल, न कंटाळता. नाचणारीने वाटेल तिथे भटकून यावं, पण चाल जिथून सुरू होते त्या पहिल्या मात्रेवर, समेवर, पाय टेकवावा. पेटीवाल्याने फक्त रस्ता दाखवत राहायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे काय, हे तर कुणीही वाजवेल. वाजवा म्हणावं.

पेटी मला वडिलांनी शिकवली. येरवड्याला आमच्या वस्तीत त्यांची गायन पार्टी होती. विहारातला कार्यक्रम असो की जयंती, पेटीवर तेच. त्यांचं एक सांगणं होतं: "गाणाऱ्याला श्वास लागतो, पेटीला लागत नाही. म्हणून थांबायचं ते पेटीनं." तेवढ्या भांडवलावर मी नारायण पेठेत पोचले. पहिल्या दिवशी क्लासच्या तबलावादकांनी विचारलं, कुठून येता? म्हटलं, येरवड्याहून. ते म्हणाले, "सुटलात कधी?" मी म्हटलं, "कालच. तुमची खोली झाडून ठेवलीय, चला." त्या दिवसापासून ते माझे दादा झाले आणि मी त्यांची मॅडम.

आणि ताई. क्लास त्यांचा. सगळेच त्यांना ताई म्हणत, शिकायला येणाऱ्या पोरीही आणि त्या पोरींच्या आयाही. सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, पण पाठ अशी की भिंतीने शिकावं. रागीट होत्या. एखादी मुलगी समेला केसभर चुकली की म्हणायच्या, "बस चुकली तर पुढची मिळते. सम चुकली तर घरी जा." मला पहिली काही वर्षं "अहो" म्हणाल्या, मग कधीतरी "अगं" वर आल्या, आणि त्या "अगं" चं मला जे काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

त्यांचा गुडघा बिघडला तेव्हाची गोष्ट. चक्कर घेऊन तिहाईवर यायच्या तेव्हा, म्हणजे एकच तुकडा तीनदा करून समेवर उतरायचं असतं तेव्हा, उजवा पाय किंचित मागे राहायला लागला. किंचित म्हणजे डोळ्याला दिसणार नाही इतका. मला दिसला तो त्यांच्या खांद्यात. खांदा उचलला गेला, की समजायचं पाय उशिरा येणार. मग मी शेवटचा सूर जरा ताणायची, भात्यात हवा असतेच. दादा माझ्याकडे न बघता तेवढेच थांबायचे. तिघं एकदम समेवर. ताई म्हणायच्या, "वा." आम्ही कधी एका शब्दाने यावर बोललो नाही. यात फसवणूक आहे असं मनातसुद्धा आलं नाही. साथ करणाऱ्याचं कामच ते, समोरच्याला सांभाळून घ्यायचं.

पुढे माझी बोटं गेली, आणि नेमका त्याच वर्षी मुलींनी हट्ट धरला की ताईंनी स्वतः नाचायचं, पूर्ण कार्यक्रम, रंगमंचावर. ताई नाही नाही म्हणत हो म्हणाल्या.

माझ्या जागी एक तरुण पेटीवाला बोलावला. हात तयार, लय घड्याळासारखी. पहिल्याच तालमीत ताई समेला उशिरा आल्या. परत केलं, परत उशिरा. ताईंनी त्याला चहा पाजला आणि निरोप दिला, "याला लय नाही." मग मुलींनी मोबाइलवरचा लेहरा लावला, त्या सगळ्या घरी त्यावरच सराव करतात. तिथेही तेच. ताई म्हणाल्या, "मशीन पळतंय." मुली खाली बघायला लागल्या. दादांनी तबल्यावर उगाच हातोडी ठोकली. मी कोपऱ्यात बसले होते. ज्या बाईने आयुष्यभर मुलींना केसभर चुकीवरून घरी पाठवलं, तिला आता स्वतःचं कळणार, तेही पोरींसमोर, आणि कार्यक्रम झाला तर भर नाट्यगृहात. मी असते तर हे झालं नसतं. माझी दोन बोटं आत वळली म्हणून ही बाई उघडी पडणार होती.

जिन्यात दादा म्हणाले, "मॅडम, काहीतरी करा." म्हटलं, काय करू, बोटं विकत आणू? ते म्हणाले, "कॉम्प्युटर शिका. सगळं त्यात होतं म्हणतात. लग्नंपण जमतात."

मी शिकले. संगीत बनवायचं एक सॉफ्टवेअर घेतलं आणि माझ्याच पेटीचा एकेक सूर त्यात भरला. रविवारी दुपारी, आवाज नको म्हणून पंखा बंद. डाव्या हाताने मी एकेक पट्टी दाबायची आणि भाता मारायला नवरा. घामाघूम होऊन तो म्हणाला, "तुझ्या वडिलांनी लग्नात पेटी दिली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता." सूर आले. त्या सुरांचा लेहरा जुळवला. ऐकला आणि रडू आलं. पेटी माझी, सूर माझे, आणि वाजवणारं कुणी नाही. खोलीत मीच मेल्यासारखं वाटलं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एक बटन आहे. माणसासारखं करा, अशा अर्थाचं नाव आहे त्याचं. मोठ्या आशेने दाबलं. झालं काय, तर काही सूर जरा आधी आले, काही उशिरा, काही जोरात, काही दबके. कसलाही नेम नाही. आणखी वाढवलं तर माझी पेटी लग्नाच्या वरातीतून परत येणाऱ्या माणसासारखी चालायला लागली. म्हणजे हे सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या मते माणूस म्हणजे काय, तर चुका. अरे बाबांनो, चुका करायला मी नव्हते बसत तिथे. मी थांबायची ती ताईंना बघून थांबायची. चुका करायचं बटन आहे, सांभाळून घ्यायचं नाही.

त्या कंपनीच्या संकेतस्थळावर एक पान आहे. जगभरातले लोक तिथे आपल्याला काय काय हवं ते मागतात आणि बाकीचे त्याला मत देतात. कुणाला पडद्याचा रंग गडद हवा होता, त्याला ढीगभर मतं. मी माझ्या ऑफिसच्या इंग्रजीत अर्जच लिहिला, म्हणजे जवळजवळ "महोदय, विनंती की" असाच. समोर नाचणाऱ्याकडे बघून थांबेल असं काहीतरी द्या. उत्तर आलं, किती थांबायचं ते आकड्यात कळवा. मी लिहिलं, तिला लागेल तेवढं. त्यावर उत्तर आलं, सूचनेबद्दल आभारी आहोत. माझ्या मागणीखाली एक मत होतं. ते माझंच. मी रोज ऑफिसातून येऊन चप्पल काढायच्या आधी ते पान उघडून बघायची. एक म्हणजे एकच. त्या एका आकड्याकडे बघून मला जी चीड यायची ती मी भांड्यांवर काढायची.

मग मी स्वतःच थांबे घातले. ताईंच्या एका तालमीचं चित्रण मुलींनी मोबाइलवर केलं होतं. ते पुन्हा पुन्हा बघून, जिथे जिथे खांदा उचलला गेला तिथे तिथे लेहऱ्याची गती तेवढी कमी केली. क्लासमध्ये लावलं. ताई पहिल्या तिहाईला समेच्या आधीच येऊन उभ्या राहिल्या, दुसऱ्या तिहाईला मागे पडल्या. त्या दिवशी गुडघा बरा होता, मग दुखायला लागला, त्याला कोण काय करणार. ताई वैतागून पाणी प्यायला आत गेल्या. दादा हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन कालच्या ताईंसाठी थांबतंय." इतकं खरं होतं ते की मी लॅपटॉप मिटूनच टाकला. कार्यक्रम जवळ येत होता. बसमध्ये, ऑफिसात, पोळ्या लाटताना, माझ्या डोक्यात तो लेहरा गोल फिरायचा आणि प्रत्येक समेला ताई पडायच्या.

वाट सापडली ती शोधून नाही, कंटाळून. पडद्यावर गतीची एक पट्टी असते, बोटाने वरखाली सरकवायची. एकदा चिडून मी लेहरा चालू असताना ती खाली ओढली आणि लेहरा थांबला. म्हणजे थांबला नाही, रेंगाळला, माझ्या भात्यासारखा. सोडली, परत चालायला लागला. मी ती पट्टी एका छोट्या सरकत्या खुंटीला जोडली, बाजारात अशी यंत्रं मिळतात. आता एका बोटाने खुंटी धरायची आणि डोळे ताईंच्या खांद्यावर. उजवा हात पेटीपुढे रुसतो, पण खुंटीवर गुपचूप सरळ राहायचा. पेटी नाही म्हणून त्याचं काही भांडण नसावं.

पुढच्या तालमीत बसले. खांदा उचलला, खुंटी केसभर खाली, दादांचा हात हवेत, आणि तिघं एकदम समेवर. कितीतरी महिन्यांनी. ताई शेवटपर्यंत नाचल्या, कुठेही अडखळल्या नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नजर ताईंच्या खांद्यावर असल्याने पुसताही येत नव्हतं. ताई म्हणाल्या, "वा. आज पेटी बोलली." मी परत आले होते. कोपऱ्यातून उठून माझ्या जागेवर परत आले होते.

ताई इतक्या खूश की घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसल्या. "बघू गं, काय आणलंयस हे," म्हणत पडद्यात डोकावल्या.

मला ठाऊकच नव्हतं की ते सॉफ्टवेअर माझ्या बोटाची प्रत्येक हालचाल लिहून ठेवतं. पडद्यावर वरच्या बाजूला गतीची रेघ होती, सरळ, आणि मधेमधे ती खाली गेलेली होती. सगळ्या तालमीभर.

"हे खड्डे कसले?" ताई म्हणाल्या.

दादा तबल्याला खोळ घालत होते. न बघताच म्हणाले, "पुण्यातलंच मशीन आहे ताई, खड्डे असायचेच."

ताई हसल्या नाहीत. आयुष्य मात्रा मोजण्यात गेलेली बाई. एका खड्ड्यावर बोट ठेवून त्या मनात मोजत गेल्या. "ही पहिली तिहाई." पुढे सरकल्या. "ही चक्करांनंतरची. ही परणीची." शेवटचा खड्डा सगळ्यांत खोल होता. तिथे त्यांचं बोट बराच वेळ राहिलं.

"पेटी वाजवायचीस तेव्हाही?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. "कधीपासून?" म्हटलं, गुडघ्यापासून. ताईंनी दादांकडे बघितलं. दादा खोळीच्या नाडीला गाठ मारत राहिले.

"म्हणजे मशीन पळत नव्हतं," ताई म्हणाल्या. "आणि त्या मुलाला लय होती." मग जरा वेळाने, आवाज न चढवता, "मी इतक्या पोरींना घरी पाठवलं."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, ताई, साथीला आम्ही असतोच यासाठी. त्या म्हणाल्या, "सरळ कर ती रेघ."

त्यानंतरच्या तालमी मला आठवायच्या नाहीत, पण आठवतात. सरळ रेघेवर लेहरा वाजायचा, थंड, कुणाचा कुणी नसल्यासारखा. ताई त्याच्या मागे धावायच्या. त्यांनी चक्करं कमी केली, दोन परणी, म्हणजे पखवाजाच्या बोलांवरचे लांब तुकडे, गाळल्या, पायाला गुडघ्यापर्यंत पट्ट्या बांधल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. मुलींना त्यांनी तालमीला येऊ नका म्हणून सांगितलं. हळूहळू त्या समेवर यायलाही लागल्या, स्वतःच्या बळावर. एका शेवटच्या तिहाईवर मात्र दहातल्या नऊदा पाय मागे राहायचा. मी म्हटलं, ही गाळा. ताई म्हणाल्या, "ही माझ्या गुरूंची आहे." मी पुढे म्हटलं, मग एवढ्या एकीला मला थांबू द्या, पाया पडते तुमच्या. खरंच वाकले. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाल्या, "शब्द दे. हात लावायचा नाहीस." मी शब्द दिला.

कार्यक्रमाला नाट्यगृह भरलं होतं. जुन्या विद्यार्थिनी लेकीसुनांना घेऊन आल्या होत्या. मी नेहमीच्या जागेवर दादांशेजारी बसले, पुढ्यात पेटीऐवजी लॅपटॉप आणि खुंटीचं ते यंत्र. खुंटी आणली कशाला, हे मला विचारू नका. ती काढून ठेवायचं माझ्याच्याने झालं नाही. बोट तिच्यावर ठेवून बसले, सवयीने म्हणा किंवा भीतीने.

ताई नाचल्या, आणि काय नाचल्या. संथ भागात तर त्या मशीनला लाज वाटावी. एकेक सम अशी येत होती की पुढच्या रांगेतल्या बायका मान हलवत होत्या. मला वाटायला लागलं, जमलं, होतंय सगळं नीट. मग ती शेवटची तिहाई आली. पहिला तुकडा बरोबर. दुसरा बरोबर. तिसऱ्यात वळताना खांदा उचलला गेला.

मला दिसला. सगळ्या नाट्यगृहात फक्त मला आणि दादांना. खुंटी बोटाखाली होती आणि माझी पाचही बोटं त्या क्षणी अगदी सरळ होती. ओढायला काही लागत नव्हतं. पण मी शब्द दिला होता, आणि मला वाटलं, या बाईला आयुष्यात एकदा तरी खरं काय ते हवंय, ते तिच्याकडून हिरावून घ्यायचं नाही. मी हात हलवला नाही. लेहरा समेवर गेला आणि पुढे निघून गेला. ताईंचा पाय त्यानंतर पडला.

दादांनी समेची थाप लेहऱ्याबरोबर मारली होती. पाय पडला तशी त्यांनी तिथेही एक थाप दिली, ठसठशीत, जणू ती तशीच बसवलेली होती. त्यांनी कुणाला शब्द दिलेला नव्हता. लोकांना काही कळलं नाही. टाळ्या थांबेनात, उभे राहून वाजवत होते. ताईंनी नमस्कार केला, एकदा लोकांना, एकदा तबल्याला.

नंतर मी मेकअपच्या खोलीत गेले. ताई खुर्चीत बसून घुंगरांची दोरी सोडत होत्या. मी खाली बसले आणि दुसऱ्या पायाची सोडायला घेतली. दोरी घामाने घट्ट बसली होती.

"हात ठेवला होतास ना त्यावर?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं. "पण लावला नाही, ताई. शब्द पाळला."

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "वळताना तुझ्याकडेच बघत होते." घुंगरं त्यांनी पिशवीत ठेवली, एक पाय, मग दुसरा. "मला वाटलं, थांबशील."